विश्लेषण : तुरुंगातून सत्तेत आलेले एन्क्रुमा हुकूमशहा कसे झाले? घानाच्या राष्ट्रपित्याची कहाणी

घानाच्या बहुतेक चलनी नोटांवर सहा जणांचे चेहरे असतात. मार्च १९४८ मध्ये ब्रिटिश गव्हर्नरने ज्यांना एकाच वेळी अटक केली, ते हे सहा नेते. घानात त्यांना बिग सिक्स म्हणतात. २००७ मध्ये नवे सेडी चलन आले तेव्हापासून ते नोटेवर शेजारी-शेजारी आहेत. त्यानंतरच्या १७ वर्षांत त्यांच्यात काय घडले, ते मात्र नोटेवर नाही. सहापैकी दोघे स्वतंत्र घानाच्या कैदेत मरण पावले. एकाला फाशीची शिक्षा झाली आणि नंतर ती कमी करण्यात आली. एकाला न्यायमूर्तिपदावरून काढून टाकण्यात आले. हे सारे ज्यांच्या राजवटीत घडले ते क्वामे एन्क्रुमाही याच सहा जणांपैकी. घानाला स्वातंत्र्य मिळवून देणारे आणि पुढे त्याच देशाला एकपक्षीय हुकूमशाहीकडे नेणारे.

आफ्रिकेतील हुकूमशहा म्हटले की आपल्याकडे इदी अमीन किंवा मोबुटू आठवतात. एन्क्रुमा त्या माळेतले नव्हते. त्यांनी कत्तली केल्या नाहीत. कर्नल-मेजरांच्या बळावर ते सत्तेत आले नव्हते, सलग तीन निवडणुका जिंकून आले होते. म्हणूनच त्यांची कहाणी समजून घ्यायला हवी. लोकांनी निवडून दिलेला, सुशिक्षित, स्वतः तुरुंग भोगलेला नेता एकेका कायद्याने हुकूमशहा कसा होतो, हे त्यांच्या आयुष्यात तारीखवार दिसते.

एन्क्रुमा आले कुठून?

घानाचे तेव्हाचे नाव गोल्ड कोस्ट. त्याच्या नैऋत्य टोकाला एन्क्रोफुल नावाचे खेडे आहे. तिथे एका सोनाराच्या घरी एन्क्रुमांचा जन्म झाला. अधिकृत जन्मतारीख २१ सप्टेंबर १९०९. आईच्या आठवणीप्रमाणे साल १९१२. कॅथॉलिक मिशनच्या शाळेत शिक्षण, अक्रात शिक्षक प्रशिक्षण आणि मग काही वर्षे मास्तरकी. त्या काळात नायजेरियाचे नामदी अझिकिवे अक्रात एक वृत्तपत्र चालवत होते. त्यांच्या लिखाणाचा तरुण एन्क्रुमांवर प्रभाव पडला. १९३६ मध्ये अझिकिवे आणि त्यांचे सहकारी वॉलेस-जॉन्सन यांच्यावर एका लेखासाठी राजद्रोहाचा खटला भरण्यात आला. ज्या ब्रिटिश कायदेपरंपरेतून टिळकांना मंडालेला पाठवले गेले, त्याच परंपरेतले हे कलम १९३४ मध्ये गोल्ड कोस्टच्या कायद्यात अधिक कडक करून आणले होते. पुढे स्वतंत्र घानाच्या वृत्तपत्रांनाही राजद्रोह हा शब्द नवा राहिला नाही.

१९३५ मध्ये एन्क्रुमा अमेरिकेला गेले. पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात शिकले, पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून पदव्युत्तर पदव्या घेतल्या. पैशांची चणचण कायमची होती. साबणाच्या कारखान्यात, जहाजावर वेटर म्हणून, हार्लेममध्ये रस्त्यावर मासळी विकून त्यांनी दिवस काढले. दहा वर्षांनी ते लंडनला आले. ऑक्टोबर १९४५ मध्ये मँचेस्टरला पाचवी पॅन-आफ्रिकन परिषद भरली, तिच्या आयोजकांत ते होते. आफ्रिकेतील वसाहतींनी स्वातंत्र्य मागायचे आणि त्यासाठी सामान्य माणसांना संघटित करायचे, ही दिशा तिथे ठरली. भारताच्या लढ्याकडे ही मंडळी बारकाईने पाहत होती.

१९४८ मध्ये काय झाले?

गोल्ड कोस्टमध्ये तोवर जे. बी. डांक्वा या नामवंत वकिलाच्या पुढाकाराने एक राजकीय पक्ष उभा राहिला होता. वकील, व्यापारी, खानदानी घराण्यांतील मंडळी असा त्याचा तोंडवळा. त्यांना पूर्णवेळ संघटक हवा होता. एन्क्रुमांचे नाव कोणीतरी सुचवले आणि डिसेंबर १९४७ मध्ये ते मायदेशी परतले. अडीच महिन्यांत देश पेटला.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी माजी सैनिकांचा नि:शस्त्र मोर्चा गव्हर्नरच्या निवासस्थानाकडे, ख्रिश्चनबोर्ग किल्ल्याकडे निघाला. पश्चिम आफ्रिकेचे हजारो सैनिक दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात, आराकानच्या जंगलात भारतीय पलटणींच्या बरोबरीने लढले होते. परतल्यावर कबूल केलेले लाभ आणि नोकऱ्या मिळाल्या नाहीत. मोर्चावर पोलीस अधिकाऱ्याने गोळीबार केला आणि तीन माजी सैनिक ठार झाले. महागाईने आधीच लोक चिडलेले होते. रोग पडला म्हणून सरकार शेतकऱ्यांची कोकोची झाडे तोडत होते, त्याचाही राग होता. दंगलींत काही दिवसांत २९ जण मेले.

गव्हर्नरने आणीबाणी लावली आणि सहा नेत्यांना पकडले. खटला नाही, आरोपपत्र नाही. त्यांना उत्तरेतील दुर्गम गावांत वेगवेगळे ठेवले गेले. सुमारे महिनाभराने सुटका झाली. त्या महिनाभराने एन्क्रुमांना देशभर नाव मिळवून दिले.

इथे थोडे थांबून गव्हर्नरच्या टेबलावर काय-काय होते ते पाहू. विनाचौकशी डांबण्याचा अधिकार होता. माणसाला देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार होता. अशांतीचा राजा प्रेम्पे याला ब्रिटिशांनी १८९६ मध्ये पकडून आधी सिएरा लिओन आणि मग हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर ठेवले होते. मर्जीतल्या पारंपरिक सरदारांना मान्यता द्यायची आणि नको असलेल्याची काढून घ्यायची, हाही अधिकार होता. कायदेमंडळाने नाकारलेले विधेयक राखीव अधिकारात मंजूर करता येत होते. शिवाय महायुद्धाच्या काळात सुरू झालेली एक व्यवस्था हाती होती. देशातला सगळा कोको सरकारी मंडळ ठरावीक दराने विकत घेई, जगाच्या बाजारात विके आणि फरक स्वतःकडे ठेवी. आपल्याकडच्या कापूस एकाधिकार खरेदीसारखी ही योजना. फक्त इथे नफ्याचा ओघ शेतकऱ्यापासून सरकारकडे होता. एकूण, ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांना विचारण्याची गरज पडू नये, अशीच ही यंत्रणा बेतलेली होती.

सत्तेपर्यंतचा प्रवास कसा झाला?

डांक्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना स्वराज्य सनदशीर टप्प्यांनी हवे होते, एन्क्रुमांना ताबडतोब. जून १९४९ मध्ये त्यांनी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी हा वेगळा पक्ष काढला. बाजारातल्या विक्रेत्या बायका, बेरोजगार तरुण, शाळामास्तर, ड्रायव्हर असे लोक त्यांच्याभोवती जमले. जानेवारी १९५० मध्ये त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहावरून घेतलेले अहिंसक आंदोलन पुकारले. संप झाला, सरकारने पुन्हा आणीबाणी लावली आणि एन्क्रुमांना तीन वर्षांची शिक्षा होऊन ते अक्राच्या जेम्स फोर्ट तुरुंगात गेले.

फेब्रुवारी १९५१ मध्ये पहिली व्यापक निवडणूक झाली, तेव्हा ते तुरुंगातच होते. अक्रा मतदारसंघात पडलेल्या २३,१२२ मतांपैकी २२,७८० मते त्यांना मिळाली. गव्हर्नर चार्ल्स आर्डन-क्लार्क यांनी त्यांना सोडले आणि सरकार बनवण्यास बोलावले. १९५२ मध्ये ते पंतप्रधान झाले. पुढची पाच वर्षे गव्हर्नर आणि माजी कैदी यांनी एकत्र कारभार केला आणि तो बऱ्यापैकी नीट चालला.

पहिली मोठी ठिणगी पडली ती कोकोच्या दरावरून. १९५४ मध्ये जगाच्या बाजारात कोको टनाला ४५० पौंडांच्या वर गेला होता. त्याच वर्षी एन्क्रुमा सरकारने कायदा करून शेतकऱ्याचा दर ६० पौंड वजनाच्या पोत्याला ७२ शिलिंग असा गोठवला. हिशेब केला तर शेतकऱ्याच्या हाती टनामागे सुमारे १३४ पौंड. उरलेला पैसा शाळा, रस्ते, रुग्णालयांसाठी. कोको मुख्यतः अशांती प्रदेशात पिकत होता, पैसा मात्र अक्राच्या हाती जात होता. महिन्याभरात कुमासी शहरात विरोधी चळवळ उभी राहिली. बाफोर ओसेई अकोटो हे अशांतीच्या राजाचे मानकरी तिचे नेते होते. तिला संघराज्य हवे होते. दोन्ही बाजूंनी मारामाऱ्या झाल्या, घरे जाळली गेली. नोव्हेंबर १९५५ मध्ये एन्क्रुमांच्या अक्रातील घरावर बॉम्ब टाकण्यात आला.

हे लक्षात ठेवले पाहिजे. एन्क्रुमांच्या मनातली भीती बनावट नव्हती. देश फुटेल असे त्यांना खरोखर वाटत होते आणि तसे वाटायला कारण होते. १९५६ च्या निवडणुकीत त्यांनी १०४ पैकी ७१ जागा जिंकल्या, तरी अशांतीत बहुतेक जागा विरोधकांकडे गेल्या. ६ मार्च १९५७ रोजी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील वसाहतींत पहिला मान मिळवत देश स्वतंत्र झाला. समारंभाला मार्टिन ल्यूथर किंग आले होते. एन्क्रुमा त्याच ख्रिश्चनबोर्ग किल्ल्यात राहायला गेले, जिकडे निघालेल्या मोर्चावर नऊ वर्षांपूर्वी गोळ्या झाडल्या गेल्या होत्या.

कायद्यांची माळ कधी सुरू झाली?

स्वातंत्र्याला सहा महिनेही झाले नव्हते. ऑगस्ट १९५७ मध्ये कुमासीच्या दोन मुस्लीम विरोधी नेत्यांना परदेशी ठरवून नायजेरियाला पाठवण्यात आले. आपण घानाचेच नागरिक आहोत, असा त्यांचा दावा न्यायालयात होता. सुनावणी पुरी होण्याआधीच संसदेने खास कायदा करून त्यांची हकालपट्टी वैध केली. डिसेंबरमध्ये प्रादेशिक, जातीय किंवा धार्मिक पायावरचे पक्ष बंद करणारा कायदा आला. हेतू वरवर चांगला. परिणाम असा की जवळपास सगळेच विरोधी पक्ष त्यात सापडले आणि त्यांना घाईने एकत्र येऊन युनायटेड पार्टी काढावी लागली.

जुलै १९५८ मध्ये प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायदा झाला. देशाच्या सुरक्षेला धोका वाटल्यास कोणालाही खटल्याविना पाच वर्षांपर्यंत डांबता येईल, न्यायालयात दाद नाही. टीका झाली तेव्हा घाना सरकारच्या बाजूने भारताचे उदाहरण पुढे केले गेले. ते खोटे नव्हते. प्रजासत्ताक होऊन महिना उलटतो न उलटतो तोच, फेब्रुवारी १९५० मध्ये, सरदार पटेलांनी असाच कायदा आपल्या संसदेत मंजूर करून घेतला होता आणि ए. के. गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा गाभा वैध ठरवला होता. दर काही वर्षांनी मुदतवाढ घेत तो १९६९ पर्यंत चालला, आणि दोन वर्षांतच मिसा आला. फरकही होता. भारतात सल्लागार मंडळाकडे प्रकरण जाई आणि कैदेला साधारण वर्षाची मर्यादा होती. घानाने मर्यादा पाचपट केली आणि मधला चाळणीचा भागच वगळला. साम्राज्याच्या कपाटातले हत्यार दिल्लीमार्गे अक्राला पोहोचले, असे म्हणायला हरकत नाही. त्या वर्षाच्या अखेरीस एन्क्रुमा भारतभेटीवर आले, तेव्हा त्यांचे स्वागत आफ्रिकेचा नवा चेहरा म्हणून झाले.

कायदा क्वचितच वापरला जाईल असे सांगितले गेले होते. चार महिन्यांत युनायटेड पार्टीच्या अनेक कार्यकर्त्यांना अटक झाली. १९५९ मध्ये अकोटो आणि त्यांचे साथीदार आत गेले. त्यांची बाजू घेऊन सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले डांक्वा. तोवर १ जुलै १९६० रोजी देश प्रजासत्ताक झाला होता. नव्या राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाला पदग्रहणाच्या वेळी नागरिकांच्या स्वातंत्र्याविषयी काही तत्त्वांची जाहीर ग्वाही द्यावी लागे. त्या तत्त्वांशी स्थानबद्धता विसंगत आहे, असा डांक्वांचा युक्तिवाद होता. १९६१ मध्ये सरन्यायाधीश अर्कू कोर्सा यांच्या न्यायालयाने तो फेटाळला. ही ग्वाही नैतिक आहे, न्यायालयात बजावता येईल असा हक्क तिच्यातून मिळत नाही, असे ठरले. घानाच्या कायदा महाविद्यालयांत हा निकाल आजही शिकवला जातो. त्या दिवशी न्यायालयाने स्वतःच आपले दार लावून घेतले. कोर्सा यांना त्याची किंमत दोन वर्षांनी मोजावी लागली.

प्रजासत्ताकाच्या घटनेत आणखी एक कलम होते. पहिल्या राष्ट्राध्यक्षाला, म्हणजे नाव घेऊन एन्क्रुमांना, राष्ट्रहिताला आवश्यक वाटल्यास संसदेला वगळून कायदे करण्याचा अधिकार. गव्हर्नरचे राखीव अधिकार नव्या कागदावर उतरले होते. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध डांक्वा उभे होते. एन्क्रुमांना दहा लाखांहून अधिक मते पडली, डांक्वांना सव्वा लाखाच्या आसपास.

मग एवढी लोकप्रियता असताना हे सगळे कशासाठी?

एन्क्रुमांच्या बाजूने बोलायचे तर त्यांना घाई होती. टेमा येथे बंदर आणि नवे शहर उभारले. १९६१ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. व्होल्टा नदीवर अकोसोंबो धरण बांधले. त्यामागचा जलाशय क्षेत्रफळाने जगातल्या सर्वात मोठ्या मानवनिर्मित जलाशयांत गणला जातो. त्यासाठी सुमारे ८० हजार माणसे विस्थापित झाली. १९६१ मध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची चळवळ उभी राहिली तेव्हा नेहरू, नासेर, टिटो आणि सुकार्नो यांच्या पंक्तीला ते होते. संपूर्ण आफ्रिकेचे एक सरकार असावे, असे त्यांचे स्वप्न होते. विरोधकाला ऐकून घेणे म्हणजे या सगळ्याला उशीर, अशी त्यांची धारणा बनत गेली. नेहरूंशी मैत्री असूनही १९६२ च्या युद्धात ब्रिटनने भारताला शस्त्रमदत देण्यावर त्यांनी आक्षेप घेतला, तो दिल्लीत अनेकांना झोंबला होता.

त्यांच्या घानाकडे आफ्रिकेतील उमेदवार नेते शाळेसारखे पाहत. मलावीचे हेस्टिंग्ज बांडा १९५८ पर्यंत कुमासीत डॉक्टरकी करत होते. रॉबर्ट मुगाबे १९५८ ते १९६० ताकोराडीत शिक्षक होते. पहिली पत्नी सॅली त्यांना तिथेच भेटल्या. दोघांनी पुढे आपापल्या देशात काय केले ते सर्वांना माहीत आहे. तो दोष एन्क्रुमांच्या माथी मारता येणार नाही. पण राज्य कसे चालते याचा एक नमुना या दोघांनी जवळून पाहिला होता, एवढे खरे.

पैशांचे गणित मात्र बिघडत चालले होते. १९६१ च्या अर्थसंकल्पात पगारदारांवर सक्तीची बचत लादली गेली. सल्ला केंब्रिजच्या निकोलस काल्डॉर यांचा. भारतात १९५७ मध्ये आलेल्या संपत्ती कर आणि व्यय करामागेही हेच काल्डॉर होते. सप्टेंबरमध्ये सेकोंडी-ताकोराडीच्या रेल्वे आणि बंदर कामगारांनी संप केला. हे एन्क्रुमांचे स्वतःचे लोक होते. १९५० मध्ये संपाच्या जोरावरच ते मोठे झाले होते. संपाचे पुढारी स्थानबद्ध झाले, सोबत डांक्वाही. त्यांची सुटका जून १९६२ मध्ये झाली.

जुन्या सोबत्यांचे काय झाले?

१ ऑगस्ट १९६२ रोजी शेजारच्या अप्पर व्होल्टा देशातून परतताना कुलुंगुगू या सीमेवरच्या गावात एन्क्रुमांवर बॉम्ब फेकला गेला. ते जखमी झाले. संशय आपल्याच मंत्रिमंडळावर गेला. परराष्ट्रमंत्री अको अजेई, माहितीमंत्री तावया अदामाफियो आणि पक्षाचे एक पदाधिकारी पकडले गेले. अजेई बिग सिक्समधले. १९४७ मध्ये संघटक म्हणून एन्क्रुमांचे नाव सुचवणारे तेच होते. सहांपैकी आणखी एक, ओबेत्सेबी-लॅम्प्टी, यांनाही अटक झाली. जानेवारी १९६३ मध्ये ते कैदेत असतानाच कर्करोगाने वारले.

अजेई आणि इतर दोघांवर विशेष न्यायालयात खटला चालला. सरन्यायाधीश कोर्सा यांच्याबरोबर खंडपीठावर एडवर्ड अकुफो-अडो होते. हेही बिग सिक्समधलेच. म्हणजे १९४८ मध्ये एकत्र पकडलेल्यांपैकी एक राष्ट्राध्यक्ष, एक आरोपी, एक न्यायाधीश. डिसेंबर १९६३ मध्ये न्यायालयाने तिघांनाही निर्दोष सोडले. दोन दिवसांत एन्क्रुमांनी सरन्यायाधीशाला बडतर्फ केले. मग कायदा बदलून निकालच रद्दबातल ठरवला. पुन्हा खटला झाला, १९६५ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती एन्क्रुमांनी कैदेत बदलली. अकुफो-अडो यांनाही तोवर न्यायमूर्तिपदावरून काढण्यात आले होते.

२ जानेवारी १९६४ रोजी एका पोलीस शिपायाने एन्क्रुमांवर गोळ्या झाडल्या. ते वाचले, त्यांचा अंगरक्षक ठार झाला. सहा दिवसांनी डांक्वांना पुन्हा पकडले. त्याच महिन्यात सार्वमत घेऊन घाना एकपक्षीय राष्ट्र झाले आणि न्यायाधीशांना काढण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे आला. जाहीर निकाल असा : बाजूने २७,७३,९२०, विरुद्ध २,४५२. ज्या अशांतीने दहा वर्षे सरकारशी झुंज दिली, तिथे विरोधी मत नावाला नव्हते. पुढच्या वर्षी संसदेच्या निवडणुकीत मतदानच झाले नाही. सर्व १९८ उमेदवार बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले.

डांक्वा एन्साव्हामच्या तुरुंगात होते. वय ६९, प्रकृती ढासळलेली. त्यांनी राष्ट्राध्यक्षांना अर्ज लिहिले, उत्तर आले नाही. ४ फेब्रुवारी १९६५ रोजी ते कोठडीत मरण पावले. घाना हे नाव देशाला सुचवण्याचे श्रेय याच डांक्वांना दिले जाते.

शेवट कसा झाला?

स्वातंत्र्याच्या वेळी देशाची परकी गंगाजळी सुमारे २० कोटी पौंड होती. ती संपून कर्ज चढले. कोकोचा जागतिक दर १९६५ पर्यंत १९५४ च्या एक तृतीयांशाच्याही खाली आला. दुकानांत तांदूळ, साखर मिळेना. लष्करात वेगळी नाराजी होती. एन्क्रुमांनी स्वतःच्या रक्षणासाठी वेगळी पलटण उभारली होती, तिला चांगली शस्त्रे आणि सवलती मिळत. विरोधी पक्ष नाही, स्वतंत्र वृत्तपत्र नाही, न्यायालय नाही. असंतोषाला वाट उरली ती फक्त बराकीतून. निवडणुकीने घालवता येत नाही, असा नेता घालवायला रणगाडे येतात, हे आफ्रिकेत तेव्हा नुकतेच कळू लागले होते.

जानेवारी १९६६ मध्ये एन्क्रुमांनी अकोसोंबो धरणाचे उद्घाटन केले. पुढच्या महिन्यात व्हिएतनाम युद्धात शांततेची बोलणी करावी म्हणून ते हनोईकडे निघाले. २४ फेब्रुवारीला ते बीजिंगला पोहोचले तेव्हा कर्नल कोटोका आणि मेजर अफ्रिफा यांनी अक्रा ताब्यात घेतले होते. कटाची कुणकुण अमेरिकेला आधीच्या वर्षीपासून होती, हे नंतर खुल्या झालेल्या अमेरिकी कागदपत्रांत दिसते. तरी सगळे खापर परक्यांवर फोडणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. अक्रात लोक रस्त्यावर नाचले. संसदेसमोरचा एन्क्रुमांचा पुतळा जमावाने पाडला. तुरुंगांतून शेकडो स्थानबद्ध बाहेर आले.

आणि लगेच दुसरे आत गेले. नव्या लष्करी सरकारने सुरुवातीलाच जे फर्मान काढले त्याचे नाव संरक्षक कोठडीचे फर्मान. त्याखाली एन्क्रुमांच्या पक्षाचे मंत्री आणि कार्यकर्ते विनाचौकशी डांबले गेले. कायद्याचे नाव बदलले, कोठड्या त्याच राहिल्या. १९७२, १९७८, १९७९ आणि १९८१ मध्ये आणखी उठाव झाले. अफ्रिफा यांना १९७९ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

एन्क्रुमांना गिनीचे सेकू तुरे यांनी आश्रय दिला, सहराष्ट्राध्यक्ष म्हणून मानही दिला. कोनाक्रीत समुद्राकाठच्या घरात त्यांनी पुस्तके लिहिली आणि परत बोलावणे येण्याची वाट पाहिली. ते आले नाही. इजिप्शियन पत्नी फातिया मुलांना घेऊन उठावानंतर कैरोला गेल्या होत्या. २७ एप्रिल १९७२ रोजी बुखारेस्टच्या रुग्णालयात कर्करोगाने एन्क्रुमांचे निधन झाले. आधी गिनीत, मग एन्क्रोफुलला आणि १९९२ पासून अक्रात, जिथे त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली त्या जुन्या पोलो मैदानावर, त्यांचे दफन आहे. पाडलेला पुतळा तिथेच ठेवला आहे. धडाला डोके नाही. डोके नंतर सापडले, ते बाजूला वेगळ्या चौथऱ्यावर आहे.

आज घानात त्यांच्याकडे कसे पाहतात?

१९९२ च्या राज्यघटनेत एक कलम आहे : देशाला एकपक्षीय करणारा कायदा संसदेला कधीही करता येणार नाही. तेव्हापासून घानात मतपेटीतून सत्तांतरे होत आहेत. मात्र एन्क्रुमांवरून भांडण संपलेले नाही. १९५८ मध्ये त्यांची छबी असलेली नाणी निघाली, त्यांवर लॅटिन भाषेत ते घाना राष्ट्राचे संस्थापक असल्याचे कोरले होते. विरोधकांना ते तेव्हाच खटकले होते. २००९ मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली आणि २१ सप्टेंबर हा संस्थापक दिन ठरला. न्यायमूर्ती अकुफो-अडो यांचे चिरंजीव नाना अकुफो-अडो २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. देशाचा संस्थापक एक नाही, अनेक आहेत, असे म्हणत त्यांच्या सरकारने हा मान ४ ऑगस्टला दिला आणि २१ सप्टेंबर केवळ एन्क्रुमा स्मृतिदिन उरला. २०२५ मध्ये सरकार बदलले. संस्थापक दिन पुन्हा २१ सप्टेंबरवर आला, आणि इंग्रजी नावातला संस्थापक हा शब्द पुन्हा एकवचनी झाला.